घरच्या मैदानावर धसमुसळं खेळून मिळवलेल्या विजयाचा अभिमान वाटावा का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा संघ घरच्या मैदानावर धसमुसळं खेळून जिंकला, मागच्या रांगेतले लोक ‘हा फुटबॉलच नाही’ म्हणत उठून गेले आणि शेजारी बसलेल्या 11 वर्षांच्या मुलाला काय सांगावं ते तुम्हाला सुचेना. माझं उत्तर सरळ आहे. आनंद झाला असेल तर आनंद करा. लाज वाटायचं काही कारण नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा आणि आयुष्यभर बॅक, म्हणजे बचावफळीत, खेळलो. त्यामुळे ‘हा फुटबॉलच नाही’ हे वाक्य माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे. आमच्या घरात ते वीस वर्षं वापरात आहे.

20 डिसेंबर 2023 ला अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा सामना होता, आता माझा असलेला मुंबई सिटी संघ आणि कोलकात्याचा मोहन बागान. थोरला भाऊ कामानिमित्त मुंबईत आला होता, म्हणून त्याला घेऊन गेलो. आझादनगरला मेट्रोतून उतरलो तेव्हापासूनच मी खुशीत होतो, कारण त्याच्यासोबत गॅलरीत बसून फुटबॉल बघून बरीच वर्षं झाली होती. तेराव्याच मिनिटाला आमच्या आकाश मिश्रानं मनवीर सिंगला टॅकल केला आणि रेफ्रीनं थेट रेड कार्ड काढलं. सगळं स्टेडियम रेफ्रीच्या नावानं ओरडत होतं. दादा शांतपणे माझ्याकडे वळून म्हणाला, “हे तूच की रं.”

हे का लागलं ते सांगायचं तर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जावं लागेल. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. पेठेपेठेतली ईर्षा काय असते हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. बाहेरच्यांनी एवढंच समजावं की तिथं तालमीचा संघ हरला की दोन दिवस चहाच्या गाड्यावर तोंड दाखवता येत नाही. गोलशून्य बरोबरी होती, शेवटची दहा मिनिटं राहिली होती. समोरच्या संघाचा फॉरवर्ड माझ्या बाजूनं आत घुसला. तो आमच्यापासून तीन घरं सोडून राहायचा, दादाचा जिवलग दोस्त. मी घसरत गेलो, पाय बॉलला लागला, बॉल लाइनबाहेर गेला आणि तो माझ्या अंगावरून पडला. रेफ्रीनं फाउल दिला नाही, थ्रो दिला. पाच मिनिटांनी आम्ही गोल मारला. सामना संपल्यावर मला खांद्यावर घेऊन नाचवलं. तो मात्र उठला नव्हता. गुडघा गेला होता. त्यानंतर तो पुन्हा कधी खेळला नाही.

त्या रात्री दादा माझ्या पंगतीला बसला नाही. “माणूस पाडून जिंकलास. ह्याला फुटबॉल म्हणत न्हाईत,” एवढंच बोलला. मी दवाखान्यात दोनदा जाऊन आलो. आई त्याच्या घरी डबा घेऊन जायची. ज्याचा गुडघा गेला तो स्वतः मला म्हणाला होता, “बॉल तुलाच लागला होता, मनाला लावून घेऊ नको.” पण दादाला ते कधीच पटलं नाही. दर दिवाळीला विषय निघतो आणि फराळाचं ताट पुढं असतानाच आमचा आवाज चढतो.

तर अंधेरीत मी त्याला उलट उत्तर दिलं नाही. 25 व्या मिनिटाला जेसन कमिंग्जनं मोहन बागानचा गोल केला. एक माणूस कमी आणि एका गोलानं मागं. आता जे सांगतो ते मुलाला जरूर सांगा. त्यानंतर आमच्या दहा जणांनी जो खेळ केला, त्याला धसमुसळा म्हणायचं असेल तर म्हणा, मी त्याला मर्दुमकी म्हणतो. प्रत्येक उंच बॉलला खांदा लावणं, दुसऱ्या बॉलवर तुटून पडणं, दमलेल्या पायांनी परत मागं पळणं. 44 व्या मिनिटाला ग्रेग स्टीवर्टनं बरोबरी केली, तेव्हा ते अकरा होते आणि आम्ही दहा. मध्यंतरानंतर 54 व्या मिनिटाला बागानचा आशिष राय आणि 58 व्या मिनिटाला त्यांचाच लिस्टन कोलासो रेड कार्ड मिळून बाहेर गेले. 73 व्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल मारला. 2-1. तोवर त्या मोसमाच्या लीगमध्ये न हरलेला संघ आमच्या घरात हरला. शिट्टी वाजल्यावरही झोंबाझोंबी चालूच राहिली आणि एकूण सात रेड कार्डं निघाली, चार आमची, तीन त्यांची. आमचा कॅप्टन राहुल भेके, मुंबईचाच पोरगा, तोही त्यात.

दादा म्हणाला, “नऊ जणांना हरवलंत, त्यात काय?” मी म्हटलं, दादा, 13 ते 54 हिशेब कर. एक्केचाळीस मिनिटं आम्ही एक कमी होतो, त्यात एक गोल खाल्ला आणि एक मारला. त्याचं मोल तुझ्या हिशेबात कुठंच नाही का? त्यानं फॉरवर्डच्या डोळ्यांनीच आयुष्यभर फुटबॉल पाहिला. फॉरवर्डला वाटतं मैदान त्याच्यासाठी आखलंय आणि बॅक म्हणजे वाटेतला दगड. अडवणं हाही खेळच आहे, आणि तो शिकायला मला दहा वर्षं लागली. पडलेल्या माणसाकडे सगळे बघतात, पण पंचाऐंशी मिनिटं पाय न टाकता नुसतं तोंडासमोर उभं राहून ज्यानं वाट बंद केली, त्याच्याकडे कोण बघतं?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर दादा म्हणेल लपवलं. अंगानं खेळणं वेगळं आणि पाय मोडायला जाणं वेगळं. मिश्राचा टॅकल नंतर टीव्हीवर मी चार वेळा पाहिला. ते कार्ड बरोबर होतं. बॉलला आधी पाय लागला एवढ्यावर आजचे नियम सोडत नाहीत. समोरच्याला इजा होईल इतक्या जोरानं गेलात तर बॉल लागूनही बाहेर. त्या दिवशीचा माझा टॅकल आजच्या रेफ्रीसमोर टिकला असता का, हे मी छातीठोक सांगणार नाही. आणि शिट्टीनंतरची मारामारी तर निव्वळ नुकसान. कार्ड मिळालेले चौघेही पुढच्या सामन्याला नव्हते आणि चारच दिवसांनी कोचीत केरळ ब्लास्टर्सनं आम्हाला 2-0 हरवलं. बागानलाही किंमत मोजावी लागली, गोव्यानं त्यांना त्यांच्याच कोलकात्यात 4-1 नं झोडपलं. मोसमाच्या शेवटी लीगची शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्याचा मान, बागानला 48 गुणांवर गेली आणि आम्ही 47 वर राहिलो. एका गुणानं. हे दादानं मला फोन करून ऐकवलं आणि त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग लीगनंतरच्या बाद फेरीत, 4 मे 2024 ला त्यांच्याच कोलकात्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर फायनलमध्ये आम्ही त्यांना 3-1 हरवलं, बिपिननं तिथंही गोल मारला, आणि तेव्हा फोन मी केला.

मुलाचं म्हणाल तर त्याला पुढच्या सामन्यालाही घेऊन जा. घरी आणून ‘हे वाईट, हे चांगलं’ असं शिकवत बसू नका. तिथंच त्याला सांगा की पंधरा मिनिटं बॉल सोडून एका बॅककडे बघ. तो कधी पुढं सरकतो, कधी थांबतो, खांदा कधी लावतो, हात कुठं ठेवतो. कुणी लागून पडला आणि आपला खेळाडू हात द्यायला गेला नाही, तर तेही दाखवा, आणि ते चुकलं असं सांगा. गॅलरीतून बाटली फेकणारा शेजारी असेल तर जागा बदला, मग तो आपल्या संघाचा का असेना. आमच्या कोल्हापुरात अशा हुल्लडबाजीपायी सामने थांबलेत आणि चांगल्या पोरांचा खेळ झाकला गेलाय.

उठून गेलेल्यांचं मनावर घेऊ नका. दादा त्या रात्री उठून गेला नाही. शेवटच्या शिट्टीपर्यंत बसला, बिपिनच्या गोलला माझा दंड धरून उभाही राहिला. नंतर मेट्रोत घाटकोपरपर्यंत एक शब्द बोलला नाही. उतरताना म्हणाला, “तो तुझा बेचाळीस मिनिटांचा हिशेब परत सांग.” मी म्हटलं, एक्केचाळीस.