आजोबा शेवटून का मोजतात?

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, ‘मोठा आकडा दिला की आजोबा शेवटच्या अंकावर बोट ठेवून एकं, दहं, शतं म्हणत मागे मागे का जातात?’ दादरच्या त्याच झोपाळ्यावर मीही हे त्यांच्याकडूनच शिकले.

एकंचं घर नेहमी उजवीकडे असतं. तिथून एकेक घर डावीकडे सरकलं की दहापट. पहिल्या अंकाला काय म्हणायचं, ते मागची घरं मोजल्याशिवाय कळतच नाही. इथे टोरांटोत दर हजारपटीला नवं नाव येतं. आपल्याकडे भास्कराचार्यांनी 1150 साली ‘लीलावती’त दर दहापटीला एक नाव दिलंय, थेट परार्धापर्यंत, म्हणजे अठराव्या घरापर्यंत.

आता वहीत लिही: 12,34,56,78,98,76,54,321. सतरा अंक. आजोबांसारखं मोज: एकं, दहं, शतं करत कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य. पहिला 1 मध्याच्या घरात आणि शिखरावरचा 9 अर्बुदाच्या. उलटा वाचलास तरी आकडा तोच!

हा नऊ एकांचा वर्ग आहे, 111111111 गुणिले 111111111. उभा गुणाकार मांड. एकांच्या ओळी एकेक घर सरकत जातात, म्हणून बेरजेत 1, 2, 3 असा जिना चढतो आणि तसाच उतरतो. अशा संख्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी डेम्लो संख्या म्हटलं. ते देवळालीच्या शाळेत शिकवायचे. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! त्या स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून ते नाव. आपल्या लोकलच्या वाटेवरचं स्टेशन गणितात जाऊन बसलंय, याचा मला फार अभिमान वाटतो.

सगळ्या अंकांची बेरीज कर. 81 येईल, आणि 81 ने या संख्येला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकर हर्षद म्हणत, हर्ष देणारी.

मग दहा एकांचा वर्ग करून बघ. मधल्या घरात 10 येतात, शून्य लिहून हातचा एक पुढच्या घरात द्यावा लागतो आणि जिना मोडतो: 1234567900987654321. हातचाही उजवीकडून डावीकडेच जातो, आजोबांच्या बोटासारखा. हे एकोणीस अंक झाले, म्हणजे परार्धाच्याही एक घर पुढे. त्या घराला काय म्हणायचं, ते आजोबांना विचारून मला कळव.

तुझी,
आई