पोच घे, मग खिडकी सोड

बेटा,

तुझा निरोप पहाटे उठल्यावर पाहिला. एवढं लांब तू मला कधी लिहिलं नव्हतंस. सांत्वनाचे शब्द पाठवत नाही. ते तुला चर्चच्या मंडळीत पोटभर मिळालेत, आणि त्यातल्या निम्म्यांनी तुला जास्तच चिडवलेलं दिसतं. मला आधी एकाच प्रश्नाचं उत्तर पाहिजे, आणि आजच पाहिजे. बाबांच्या मृत्यूची नोंद केलीस का?

केली नसशील. "मन होत नाही" असं एक वाक्य मधेच टाकून तू पुढे सरकलास, ते कशाबद्दल आहे हे मला कळतं. नोकरीभर आवक-जावकच्या टेबलावर बसलेला माणूस आहे मी. मन होत नाही म्हणून घरात पडून राहिलेले कागद घेऊन वर्षा-दोन वर्षांनी आलेली माणसं मी खिडकीच्या आतून पाहिली आहेत. घरी मृत्यू झाला तर खबर घरच्यांनीच द्यायची असते, 21 दिवसांच्या आत. कायदा 1969 चा आहे, तो कोणाच्या मनासाठी थांबत नाही. 21 दिवस उलटले की विलंब शुल्क, महिना उलटला की लेखी परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. तुझे 21 दिवस येत्या गुरुवारी भरतात. ही तारीख तुझ्याआधी मी मोजून ठेवलीय.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, आत रस्ता खोदलेला, स्ट्रेचर चिखलातून आणावं लागलं, आणि तोवर सगळं संपलं होतं. कबरेवर माती पडायच्या आत चार जण तुला म्हणाले, देवाची मर्जी होती. आणि तू मला विचारतोस, "काका, हीच देवाची मर्जी असेल तर मी रविवारी तिथं जाऊन काहून बसू?"

माणूस किती जगेल ते देवाच्या हातात आहे, हे मी मानतो. खोदलेला रस्ता मात्र त्याच्या अंगावर टाकू नको. त्या रस्त्याची वर्क ऑर्डर असते. तिच्यावर कंत्राटदाराचं नाव असतं, काम पुरं करायची तारीख असते, खाली कोणाची तरी सही असते. ते सगळं सोडून थेट आभाळाकडे बोट दाखवणं सोपं आहे, कारण आभाळाच्या खिडकीवर कोणी "उद्या या" म्हणत नाही. तुझी चीड खरी आहे, पत्ता चुकलाय. अर्ज लिही. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांत त्या वर्क ऑर्डरची प्रत मागता येते, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोन प्रती कर, एक दे, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

"काकांना प्रत्येक गोष्टीत अर्जच दिसतो" असं तू मनात म्हणशील. तुझ्या काकूही म्हणतात.

बायबलातला नहेम्या तू रविवारच्या शाळेत शिकलास, पण आपल्याकडे तो तटबंदी बांधणारा म्हणूनच शिकवतात. त्याची सुरुवात पुन्हा वाच. यरुशलेमची बातमी आली तेव्हा तो खाली बसला, रडला, उपास केला, प्रार्थना केली. किसलेव महिन्यातली गोष्ट. मग नीसान महिन्यात राजानं विचारलं, तुझं तोंड का उतरलंय? तिथं त्यानं मनात प्रार्थना केली आणि त्याच दमात मागितलं काय, तर पत्रं! नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावे पत्रं, आणि वेशींच्या लाकडासाठी वनाधिकारी आसाफच्या नावे वेगळं पत्र. राजाचा प्यालेबरदार, म्हणजे त्याच्या हातात प्याला देणारा होता, तोंडी हुकमावर निघता आलं असतं. निघाला नाही. तिथं पोचल्यावर रात्री गुपचूप तटाची पाहणी केली. मग कोणी कुठला तुकडा बांधला त्याची नावानिशी यादी दिलीय, आणि तकोच्या बड्या लोकांनी कामाला मान लावली नाही हेही लिहून ठेवलंय. आपल्या चर्चच्या पास्टोरेट कमिटीच्या कार्यवृत्तात एवढं खरं कधी लिहिलं जाईल, देव जाणे.

प्रेषित पौलाचंही तसंच. फिलिप्पैत अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायचं ठरवलं, तर हा म्हणाला, उघड फटके मारलेत ना, मग आता स्वतः या आणि बाहेर काढा. पुढे थेट रोमच्या कैसराकडे अपील. तेव्हा अर्ज-अपील हे विश्वास कमी असलेल्या माणसाचं काम आहे, असं मला कोणी शिकवू नये.

शिकवतात बरं. आमचा मुलगा गेला तेव्हापासून शिकवून राहिलेत. तुला थोडं माहीत आहे, तू तेव्हा लहान होतास. पावसाळ्याची रात्र, रस्त्यावर खोदकाम, ना दिवा ना बॅरिकेड, आणि हा दुचाकीवर. दफन झालं त्या आठवड्यात मी पहिला अर्ज टाकला. लोकांना ते विचित्र वाटलं. घरी भेटायला माणसं येत होती आणि मी जेवणाच्या टेबलावर कार्बन घालून लिहीत होतो. "हा पोराच्या मरणाचा खटला चालवून राहिला, दुःख करायचं सोडून," असं आपल्याच मंडळीतल्या एकानं दाराबाहेर म्हटलेलं मी ऐकलं. मी आत बोलावून त्याला चहा दिला, पण उत्तर दिलं नाही. आज तुला देतो. दुःख करायचं म्हणजे काय करायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अर्ज कसा करायचा, ते येत होतं. जे येत होतं ते केलं. त्यात मुलाचं नाव, तारीख, वेळ, खांबाचा क्रमांक पुन्हा पुन्हा लिहावा लागायचा. प्रत्येक वेळी हात थांबायचा, मग मी पुढचा शब्द लिहायचो. हे दुःख नव्हतं असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणो.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणी दगावलं तर वारसांना 6 लाख रुपये द्यायचे, असं ठरवून दिलं. आमच्या घरासाठी ते फार उशिरा आलं, आणि त्या पैशांकडे मी डोळे लावून बसलेलो नाही. मला त्या प्रकरणातली वेगळीच गोष्ट आवडते. ते सुरू झालं 2013 मध्ये, त्याच न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींनी मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या एका पत्रावरून. न्यायमूर्तीलासुद्धा पत्र लिहावं लागलं, बेटा. आणि त्यालाही बारा वर्षं लागली.

फॉर्म 7 चं सांगायलाच हवं, कारण ती वेळ तुझ्या घरीही येणार आहे. मतदार यादीतून मयताचं नाव कमी करायचा तो फॉर्म. मुलगा गेल्यावर पुढच्या निवडणुकीला त्याच्या नावाची चिठ्ठी आली. आम्हा तिघांच्या चिठ्ठ्या एकाच कागदावर, ओळीनं, मधली त्याची. काकूंनी ती उपासनेच्या पुस्तकात ठेवून दिली. मी फॉर्म आणला तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या ना नाव. कोणाचं काय बिघडतं?" मी म्हणालो, बिघडतं. उद्या त्याच्या नावावर कोणी मत टाकलं तर? आपल्या मुलाच्या नावानं खोटं होऊ द्यायचं? त्या काही बोलल्या नाहीत. मी फॉर्म भरला, मृत्यूचा दाखला जोडला, पोच घेतली. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही. एक निवडणूक थांबलो असतो तर काय झालं असतं, हे मी कधी कधी स्वतःला विचारतो. पण यादी खरी असली पाहिजे. ज्या घरात रोज सकाळी शास्त्रवाचन होतं, त्या घराची यादी तर असलीच पाहिजे. हे मी काकूंना आजवर पटवू शकलेलो नाही, आणि माझं म्हणणं बदललेलंही नाही.

रविवारचं म्हणशील तर, ये. गायला आलं नाही तर गाऊ नको. मी तेव्हापासून गीत म्हणत नाही. उभा राहतो, पुस्तक उघडं धरतो, ओळीवर बोट ठेवतो. पाळकसाहेबांना माहीत आहे, ते माझ्याकडे बघत नाहीत. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मात्र पुढे जातो, कारण तिथं काही म्हणायचं नसतं, हात पुढे करायचा असतो. तूही मागच्या बाकावर बस. कोणी "देवाची मर्जी" म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

आपल्या लोकांचा मला राग का येतो, तेही ऐक. 22 सप्टेंबर 2023 च्या रात्री पाऊस कोसळला, नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या दिवाणखान्यात शिरली. दुसऱ्या दिवसापासून आपली तरुण पोरं खिचडी, ब्लँकेट, औषधं घेऊन चिखलात उतरली. तूही होतास, तुझे बाबाही होते. मला अभिमान वाटला. पण पुढल्याच आठवड्यात मी म्हटलं, तलावाच्या सांडव्याचं आणि नदीपात्राचं काय, यावर मंडळीच्या नावानं पत्र देऊ, तर सगळे चपला शोधायला लागले. "आपण त्यात कशाला पडायचं, काका." उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका घेऊन गेले ते पूरग्रस्त रहिवासी. ब्लँकेट वाटायला आपल्याला आवडतं, त्याचा फोटो निघतो. अर्जाचा फोटो निघत नाही.

आणि आपणच म्हणे एकीचा वारसा सांगायचा! सदर भागातल्या कॅथेड्रलच्या आवारात 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. मी शाळकरी पोट्टा होतो, मला मंडप आणि गर्दी आठवते. मोठेपणी कळलं की त्याची बोलणी 1929 पासून चालली होती. बाप्तिस्मा केव्हा द्यायचा, बिशप असावा की नसावा, यावर मसुदे, दुरुस्त्या, पुन्हा मसुदे. ज्यांनी पहिला मसुदा लिहिला त्यातले कितीतरी तो दिवस पाहायला राहिले नाहीत. पवित्र आत्मा तिथं होता की नव्हता? होता ना? मग तो कागदपत्रांतूनही काम करतो, एवढं मान.

तुझे बाबा ते मानत होते. "शेवटी त्यांना काय मिळालं?" असं तू विचारलंस. निळ्या टॅगची ती फाईल काढ आणि बघ. बहुतेक अर्जांना केराची टोपली मिळाली, मी खोटं सांगणार नाही. शाळेसमोरचा गतिरोधक मिळाला. दफनभूमीच्या वाटेवरचा दिवा मिळाला, तोही दोनदा बंद पडला आणि दोनदा त्यांनीच पुन्हा लावून घेतला. 2022 नंतर महापालिकेत बराच काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तेव्हा लोक हात वर करून बसले. तुझे बाबा थेट प्रशासकांच्या नावे लिहायला लागले. आणि त्या फाईलच्या शेवटी तुमच्याच गल्लीतल्या खोदकामाचा अर्ज आहे, शिक्क्यासकट. त्यांनी मला दाखवला होता. तो तुझ्या हातात आहे, आणि तू मला विचारतोस बाबांनी आयुष्य कशात घालवलं?

रागावलो. राहू दे, खोडत नाही.

तुझ्या मोठ्या काकांचं म्हणणंही कानावर आलंय, की ताईचं लग्न झालं, तिचा घरात काय हिस्सा. त्यांना नम्रपणे सांग, बाबांनी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा आपल्याला भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 लागतो. आईचा एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांचे, मुलगा-मुलगी सारखेच. म्हणजे आई, ताई आणि तू, तिघांनाही सारखंच येतं. घराच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, तिघांची नावं चढली पाहिजेत. ताई "मला नको" म्हणेल, ती तशीच आहे. तिनं म्हटलं म्हणून तू ऐकू नको. नाव चढू दे, पुढचं ती ठरवेल.

पुण्याची नोकरी घे. मी अडवत नाही, बाबांनीही अडवलं नसतं. तिकडे गेलास की फॉर्म 8 भरून मतदार यादीतला पत्ता बदल, उगाच दर वेळी "मतदानाला नागपूरला येता आलं नाही" असं सांगत बसू नको. पण निघायच्या आधी नोंद, फेरफार आणि माहितीचा अर्ज, ही तिन्ही कामं लागली पाहिजेत.

सोमवारी सकाळी महापालिकेच्या 'मंगळवारी' झोन कार्यालयाच्या फाटकाशी ये. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला, दफनाची पावती, बाबांचं आणि तुझं आधार कार्ड, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. बाबांच्या नावाचं स्पेलिंग आधार आणि आखीव पत्रिकेत वेगळं आहे का ते आजच ताडून बघ, नाहीतर पुढे सहा महिने त्यातच जातील. फॉर्म तू भरायचा. मी बाजूला उभा राहीन. हात थांबला तर थांबू दे, मागच्या रांगेला मी सांभाळतो.

ताईला मी फोन करतो. जॉइनिंगची तारीख कळव.

तुझा,
काका