आईंची झोपेची गोळी, आणि डॉक्टरांना ही औषधं किती कळतात

दादा, तुमचा प्रश्न असा आहे: गेवराईच्या फॅमिली डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी आईंना झोप लागत नाही, छातीत धडधडतं म्हणून एसिटालोप्राम (नैराश्य-चिंतेवरचं औषध) आणि क्लोनाझेपाम (घबराट कमी करणारं, झोप आणणारं) एकत्र असलेली गोळी दिली. ती अजून चालू आहे. आता संभाजीनगरचे मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात की ही हळूहळू उतरवायची. मग आधीच्यांना कळत नव्हतं का, आणि ऐकायचं कोणाचं? मी परभणीत बऱ्याच वर्षांपासून मेडिकल चालवतो. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या रोज हातात येतात, त्यावरून सांगतो.

आधी तातडीचं. गोळी घरच्या घरी एकदम तोडू नका. क्लोनाझेपाम इतक्या दिवसांनी अचानक थांबवली तर झोप पार उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, क्वचित फिटसुद्धा येते. एसिटालोप्राम अचानक सुटली तर गरगरतं, मळमळतं, चिडचिड होते. मग घरचे म्हणतात, ‘बघा, गोळी सोडली की आजार परत आला,’ आणि गोळी पुन्हा सुरू होते. अशी कितीतरी घरं मी पाहतो.

गेवराईच्या डॉक्टरांचा विचार मुळात चुकीचा नव्हता, हे आधी मान्य करू. एसिटालोप्रामचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि सुरुवातीचे काही दिवस घालमेल उलट वाढू शकते. तेवढ्या काळात आधार म्हणून क्लोनाझेपाम देतात. पण तो आधार काही आठवड्यांत काढून घ्यायचा असतो, कारण क्लोनाझेपामची सवय लवकर लागते. दोन्ही औषधं एकाच गोळीत असली की एक ठेवून दुसरं कमी करता येत नाही. म्हणून तज्ज्ञ आता बहुधा दोन्ही वेगवेगळी लिहून देतील, एसिटालोप्राम चालू ठेवतील आणि क्लोनाझेपाम थोडी थोडी कमी करतील. याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. साठीच्या पुढच्या माणसाला क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं चालली तर विसराळूपणा येतो, रात्री उठताना तोल जातो, पडून खुब्याचं हाड मोडतं. तेव्हा उतरवायचं म्हणतात ते अगदी बरोबर आहे.

आता मूळ प्रश्न. माझं स्पष्ट मत असं की कोणत्या तक्रारीला कोणती गोळी सुरू करायची, हे आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांना बऱ्यापैकी माहीत आहे. उणीव आहे ती पुढची: किती दिवस द्यायची, मध्ये काय तपासायचं, बंद कशी करायची. चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, वेळ असते, शेवट नसतो.

यात एकट्या डॉक्टरला दोष देणं मला पटत नाही. एमबीबीएसला मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नसतो, तो मेडिसिनच्या पोटात येतो, आणि वॉर्डातलं शिक्षण थोड्या आठवड्यांचं. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा भरत नाही. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात आधार आहे तो संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांचा आणि जिल्हा रुग्णालयांतल्या ओपीडींचा. शिवाय आपल्याकडचा माणूस ‘मन उदास आहे’ म्हणून येतच नाही. तो म्हणतो हातापायाची आग होते, अंग जड पडतं, अन्न गोड लागत नाही. गर्दीच्या दवाखान्यात त्यातून नैराश्य ओळखणं हेच मोठं काम आहे, आणि ते ओळखणारे तालुक्याचे डॉक्टर मी पाहिलेत.

दोष आमच्या धंद्याचाही आहे. अल्प्राझोलाम, झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्या २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत आहेत. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. तरीही वर्षभरापूर्वीची चुरगळलेली चिठ्ठी पुढे करून ‘मागचीच द्या’ म्हणणारे येतात आणि कुठे ना कुठे त्यांना मिळतेच. डॉक्टरला वाटतं पेशंट बरा झाला म्हणून आला नाही, आणि इकडे गोळी चालूच.

मला सगळ्यात काळजी वाटते ती लिथियमची. बायपोलर आजारात (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी) हे औषध फार मोलाचं आहे, पण रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.० च्या आसपास राहावं लागतं आणि दीडच्या पुढे गेलं की विषबाधेचा धोका सुरू होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढेही जातो. माणूस रानात घाम गाळतो, शरीरातलं पाणी-मीठ कमी होतं आणि लिथियम रक्तात साठायला लागतं. त्यात अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतली, किंवा बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड असलं, तर आणखी वाढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, जीभ जड होणं, चालताना झोकांड्या जाणं, यातलं काही दिसलं तर ऊन लागलं म्हणून लिंबूपाणी पाजत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. किडनी आणि थायरॉइडची तपासणीही ठरावीक काळाने हवी. दुखण्याची गोळी लिहिताना ‘लिथियम चालू आहे का’ हे विचारलं जाईलच असं नाही, म्हणून घरच्यांनीच सांगावं.

तसंच व्हॅल्प्रोएटचं. फिटसाठी, बायपोलरसाठी चांगलं औषध, पण गरोदरपणात घेतलं गेलं तर बाळाच्या पाठीच्या कण्यात, मेंदूत दोष राहण्याचा धोका मोठा आहे. लग्न ठरलेल्या मुलीच्या चिठ्ठीवर ते दिसलं की मी तिच्या आईला बाजूला बोलावून सांगतो: बंद करू नका, पण आधी डॉक्टरांशी बोला.

तुमच्या बीड जिल्ह्यात तर आणखी एक अडचण आहे. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला पाच-सहा महिने जातात आणि चिठ्ठी असते एका महिन्याची. फडावर गोळ्या संपल्या की उपचार तुटतो. जाण्याआधी डॉक्टरांना तसं सांगितलं तर ते जास्त दिवसांची सोय किंवा तिकडच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देऊ शकतात. हे विचारायचं असतं, हेच कुणाला ठाऊक नसतं.

तुमच्यासाठी आता एवढंच करा. पुढच्या भेटीला आईंच्या सगळ्या गोळ्या, बीपी-शुगरच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा, पिशवीत घालून न्या. थायरॉइड तपासलं आहे का ते विचारा, कारण थायरॉइड कमी असलं तरी थकवा आणि उदासी येते. रक्तातल्या सोडियमचंही विचारा, या वयात एसिटालोप्रामने ते कमी होऊ शकतं. गोळी कोणत्या तारखेला किती कमी करायची हे कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक प्रत गेवराईच्या डॉक्टरांना नेऊन द्या. रात्री-अपरात्री आईंना ताप-बीप नाही पण जीव घाबरा झाला, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि एखाद्या टप्प्यावर त्रास फारच वाढला तर पुढची कपात तिथेच थांबवून तज्ज्ञांना फोन करा. ते आधीच्या डोसवर थोडे दिवस ठेवून मग पुन्हा हळू उतरवतील.