खापर ठेवत नाहीत, फोडतात

प्रश्न असा आला आहे: ‘निवडणुकीतल्या पराभवाचे खापर प्रदेशाध्यक्षांवर ठेवण्यात आले’ हे बातमीतलं वाक्य बरोबर आहे का? ठपका आणि खापर यांत फरक काय? आणि हे खापर मुळात आलं कुठून?

पहिल्या भागाचं उत्तर: नाही. खापर फोडतात. ठेवतात तो ठपका. निकाल लागला की पुढचे आठ दिवस ‘खापर ठेवलं’, ‘खापर लावलं’, ‘खापर टाकलं’ असं काहीही कानावर पडतं. एकदा तर ‘खापर ठोठावलं’ ऐकलं, म्हणजे दंडाचं क्रियापद खापराच्या गळ्यात. त्याहून संतापजनक प्रकार म्हणजे ‘पराभवाचं श्रेय कोणाला?’ श्रेयस् म्हणजे अधिक चांगलं, हिताचं. उपरोधाने म्हणत असाल तर जरूर म्हणा, पण निवेदक ते अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारतो आणि समोरचा प्रवक्ता त्याहून गंभीर चेहऱ्याने ‘श्रेय सामूहिक आहे’ म्हणून मोकळा होतो.

ठपक्याच्या मागे निदान कागद असतो. चौकशी होते, कोणीतरी अहवाल लिहितं, ‘अमुक यांनी उमेदवारी वाटपात हलगर्जीपणा केला’ असं त्यात येतं, तेव्हा ठपका ठेवला गेला. तो चुकीचा असेल, पण त्याला तारीख असते आणि खाली सही असते. खापराला यातलं काहीच लागत नाही. बैठक आणि डोकं एवढ्यावर भागतं. त्यामुळे पराभवाची कारणमीमांसा करायला बसलेल्या पक्षात ठपका क्वचित आणि खापर नेहमी दिसतं. आळ वेगळा, तो न केलेल्या कृत्याचा येतो, आणि निवडणूक हरणं हे काही चोरीसारखं कृत्य नव्हे, म्हणून पराभवाचा आळ येत नाही. बालंट बेसावध माणसावर येतं. बोल लावणं हा घरगुती प्रकार आहे, त्यात थोडी माया शिल्लक असते. पक्षात बोल लावल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणखी एक. पूर्ण वाक्प्रचार ‘डोक्यावर खापर फोडणे’ किंवा ‘माथी खापर फोडणे’ असा आहे. मथळ्यात जागा कमी म्हणून डोकं गेलं आणि नुसतं ‘वर’ उरलं. त्याचा परिणाम असा की आता खापर मतदानयंत्रावर फुटतं, मतदारयादीवर फुटतं, अवकाळी पावसावर फुटतं. पावसाला माथं कुठे असतं? ज्याला डोकं नाही त्याला फार तर कारण म्हणा. अर्थात डोकं असलेल्याचं नाव घ्यायचं नसतं तेव्हाच पाऊस आठवतो, हेही खरं. (काही पक्ष तर जिवंत डोकी सोडून थेट तीनचार पिढ्यांपूर्वीच्या संस्थापकापर्यंत जातात. खापर खापरपणजोबांवर! हा खापरपणजोबांतला खापर तिथे कसा चिकटला हे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आज नको.)

आता खरा विषय.

खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. संस्कृतात कर्पर आणि खर्पर अशी दोन्ही रूपं आहेत, प्राकृतात खप्पर, त्यावरून आपलं खापर. कौलाला हिंदीत खपरा म्हणतात, जोग्याच्या हातातल्या भिक्षापात्राला खप्पर. इथपर्यंत कोणताही कोश नेतो आणि इथेच सोडतो. पण या कर्पराचा दुसरा अर्थ बघा: डोक्याची कवटी. अमरकोशात माणसाच्या अवयवांमध्ये ओळ आहे, ‘स्यात्कर्परः कपालोऽस्त्री कीकसं कुल्यमस्थि च’. कर्पर आणि कपाल हे तिथे समानार्थी. आणि कपाल म्हणजेही पुन्हा मडक्याचा तुकडा! यज्ञात पुरोडाश, म्हणजे आहुतीची भाकर, भाजायचा तो अशा कपालांवर. आठ कपालांवरचा अष्टाकपाल, अकरा कपालांवरचा एकादशकपाल. त्या कपालाचं मराठीत झालं कपाळ. म्हणजे कपाळावर खापर फोडताना आपण खापरावर खापर आपटत असतो, एक मातीचं आणि एक हाडाचं. हे फक्त आपल्याकडेच नाही. लॅटिनमध्ये ‘टेस्टा’ म्हणजे मातीचं भांडं, खापरी. त्याच शब्दाचं फ्रेंचमध्ये ‘तेत’ झालं आणि त्याचा अर्थ डोकं.

आणि ग्रीक! खापरीला ग्रीकमध्ये ‘ऑस्ट्राकॉन’ म्हणतात. हाडाला ‘ऑस्टेऑन’. दोन्ही एकाच कुळातले, आणि आपलं अस्थि त्यांचं भावंड. अमरकोशकार अमरसिंहाची वरची ओळ पुन्हा वाचा: कर्परापासून सुरू होऊन अस्थीपाशी येते.

या ऑस्ट्राकॉनवरून एक सिद्धांत फिरतो आहे. अथेन्समध्ये नागरिक खापरीवर एखाद्या पुढाऱ्याचं नाव कोरून ती टाकत, ठरावीक संख्या भरली की ज्याचं नाव सर्वांत जास्त खापऱ्यांवर, तो 10 वर्षं शहराबाहेर. म्हणे हीच प्रथा सिकंदराबरोबर आली आणि तिच्यावरून आपला ‘खापर फोडणे’. असं लिहिणाऱ्यांनी निदान सनावळी पाहायची. अथेन्समधली ही हद्दपारी इ.स.पू. पाचवं शतक संपण्याआधीच वापरातून गेली होती; सिकंदर इकडे आला इ.स.पू. 326 मध्ये. जी गोष्ट त्याच्या जन्माआधीच बंद पडली ती तो कुठून आणणार? शिवाय ग्रीकांना फोडायचं काहीच नव्हतं. ते आधीच फुटलेल्या तुकड्यावर लिहीत.

मात्र व्युत्पत्ती खोटी असली तरी प्रथा मनोरंजक आहे, आणि प्रश्नाशी तिचा संबंध आहेच. त्या हद्दपारीला आरोप लागत नसे, पुरावा लागत नसे, बचावाचं भाषण नसे. म्हणजे ठपका नाही, शुद्ध खापर. ज्याच्या योजनेमुळे इ.स.पू. 480 मध्ये सालामिसची सागरी लढाई जिंकली त्या थेमिस्टोक्लिसलाही काही वर्षांत असंच बाहेर काढलं. 1930 च्या दशकात अ‍ॅक्रोपोलिसच्या म्हणजे अथेन्सच्या बालेकिल्ल्याच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत त्याच्या नावाच्या सुमारे 190 खापऱ्या सापडल्या. अक्षर तपासलं तर लिहिणारे हात जेमतेम 14. म्हणजे विरोधकांनी नाव घालून खापऱ्या आधीच तयार ठेवल्या होत्या. मतमोजणीपूर्वीच कोणाचं डोकं हे ज्यांच्याकडे ठरलेलं असतं, त्यांनी ही विहीर अवश्य पाहावी.

तर मग आपलं खापर कोणी फोडलं? माझं मत मी बरीच वर्षं सांगतो आहे आणि ते कोणी मनावर घेत नाही. ‘खापर फोडणे’ हा घटस्फोटाचा अवशेष आहे.

घटस्फोट म्हणजे नवराबायकोची फारकत, हा अर्थ अलीकडचा. धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे पतित ठरवलेल्या माणसाला जिवंतपणी कुळातून काढून टाकण्याचा विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो दिला आहे. आप्तांनी गावाबाहेर जमायचं, निंद्य दिवशी, संध्याकाळी. पाण्याने भरलेला घट दासीने पायाने लवंडायचा, मेलेल्यासाठी करतात तसा. मग एक दिवस एक रात्र सुतक पाळायचं. गौतमधर्मसूत्रात तर तपशील आणखी नेमका आहे: नोकराने उकिरड्यावरून एक अपवित्र भांडं आणायचं, ते दासीच्या घागरीतल्या पाण्याने भरायचं, दक्षिणेकडे तोंड करून उलटं करायचं आणि त्या माणसाचं नाव घेऊन म्हणायचं की अमुक माणसाला मी उदकाला मुकवतो. उकिरड्यावरचं भांडं! खापर दुसरीकडे कुठे सापडतं? आणि नाव घेऊन! ज्याच्या नावाने भांडं उपडं झालं त्याच्यावर सगळ्यांचा दोष गेला, बाकीचे स्नान करून शुद्ध. हे वर्णन वाचून ज्याला चिंतन बैठक आठवत नाही त्याने एकही चिंतन बैठक पाहिलेली नाही.

पुढचे परिणामही मनूने मोजून दिले आहेत. अशा माणसाशी संभाषण बंद, सहासन बंद, वारशातला वाटा बंद. संभाषण म्हणजे फोन न उचलणं, सहासन म्हणजे व्यासपीठावरची खुर्ची आणि वाटा म्हणजे पुढच्या खेपेचं तिकीट. एका शब्दाचीही भर मी घातलेली नाही.

यावर माझे एक संस्कृतज्ञ स्नेही दोन आक्षेप घेतात. पहिला, विधीत भांडं लवंडतात, फोडत नाहीत. अहो, मग त्या विधीला स्फोट कशाला म्हणतात? लवंडण्याला स्फोट म्हणणारी भाषा मला दाखवा. दुसरा आक्षेप, त्यात डोक्याचा संबंध नाही, उलट स्मशानात खांद्यावरून मागे टाकतात ते मडकं या वाक्प्रचाराच्या जास्त जवळचं आहे. हा स्मशानाचा मुद्दा पुष्कळ जण मांडतात आणि तो वरवर पटतो. पण अंत्यविधीत मृताला कोणी दोष देत नाही. तिथे निरोप आहे. दोष देऊन निरोप, तोही जिवंत माणसाला, हे फक्त घटस्फोटात सापडतं, आणि मनूने तर ‘प्रेतवत्’ म्हणून दोन्ही विधींची सांगडही घालून दिली आहे. राहिलं डोकं. ते मागाहून आलं, आणि कसं आलं ते वर सांगितलंच: कर्पर, कपाल, कपाळ. शब्दांच्या घरातच डोकं होतं, बाहेरून आणावं लागलं नाही. स्नेह्यांना हे ‘सुचलेलं’ वाटतं, ‘सिद्ध केलेलं’ नव्हे. वाटो. स्मशानातलं मडकं सोडलं तर त्यांनी आजवर या वाक्प्रचाराची दुसरी कोणतीही उपपत्ती दिलेली नाही, फक्त मान हलवली आहे.

या विधीचा उत्तरार्ध मात्र मराठीने का टाकून दिला, याचं मला कोडं आहे. मनूच्या त्याच अध्यायात परतीची सोय आहे. बहिष्कृताने प्रायश्चित्त केलं की आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करायचं आणि पाण्याने भरलेला नवा कुंभ त्या पाण्यात सोडायचा. नवा, उकिरड्यावरचा नव्हे. बाहेर काढण्याचं खापर आपण शतकानुशतकं सांभाळलं, पण परत घेण्याच्या कुंभावरून एकही वाक्प्रचार केला नाही. पक्षांत माणसं परत येतात, चांगली हारतुऱ्यांसकट येतात, आणि बातमीदाराला ‘स्वगृही परतले’ यापलीकडे शब्द सापडत नाही. जुन्या पोथ्यांत किंवा बोलीत ‘कुंभ सोडणे’ या अर्थाचं काही कोणाच्या पाहण्यात आलं असेल तर कळवा. स्मशानातल्या मडक्याबद्दल कृपया कळवू नका.