मूल कोर्टात समोर न येता टीव्हीवरून साक्ष देतं, तेव्हा ज्युरी त्याच्यावर कमी विश्वास ठेवते का?

हो, काहीसा कमीच. अमेरिकेत ‘मेरीलँड विरुद्ध क्रेग’ (१९९०) या निकालानुसार, आरोपीसमोर मूल भीतीने नीट बोलूच शकणार नसेल तर वेगळ्या खोलीतून क्लोज्ड-सर्किट टीव्हीवर साक्ष घेता येते. दोन्ही वकील मुलाजवळ, ज्युरी आणि आरोपी कोर्टात. मानसशास्त्रज्ञ गेल गुडमन यांच्या गटाने लुटुपुटीचे खटले चालवून हे तपासलं (१९९८). पडद्यावरची मुलं ज्युरींना कमी विश्वासार्ह वाटली. गंमत म्हणजे, त्यातली लहान मुलं तिथूनच दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांना कमी फसली! आवंढा गिळणारं पोर समोर दिसलं की लोकांना खरं वाटतं, हा माझा अंदाज. मात्र दोषी की निर्दोष, या निर्णयावर टीव्हीचा थेट परिणाम दिसला नाही.