बालगंधर्वांच्या मांडीला मांडी लावून चिक चॉकलेट

'कानसेन' : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेलो की माझ्या कपाटात गायिका मोगूबाई कुर्डीकर आणि मायकल जॅक्सन एकाच खणात उभे आहेत. झालं, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की बाकीचे प्रश्न (तबल्याची शाई, तानपुऱ्याची जवारी वगैरे) आता पुढच्या वेळी. ह्या वेळी एकच विषय, गाणारे-वाजवणारे लोक घरी गेल्यावर काय ऐकतात.

प्रश्न : माझे वडील पेटी वाजवायचे, आधी नाटकात, मग सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बोलावतील तिथे. आता आमची चाळ पाडायला घेणारेत म्हणून माळा रिकामा केला तर लोखंडी ट्रंकेत साठ-सत्तर रेकॉर्डी निघाल्या. बालगंधर्व, हिराबाई, मास्टर दीनानाथ हे ठीक आहे, पण त्यांच्या मधेमधे चिक चॉकलेटचा बँड, कुठलीतरी हवाईयन गिटार आणि एक चक्क बीटल्सची! घरात आम्ही रेडिओ सिलोन लावला तरी बाबा ओरडायचे हो. हे सगळं त्यांचंच असेल का कोणी ठेवायला दिलेलं? आणि करायचं काय ह्याचं, भंगारवाला सगळ्याचे मिळून पाचशे म्हणतोय.
— पेटीवाल्याचा मुलगा, गिरगाव

उत्तर : काका, पहिलं काम म्हणजे भंगारवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

रेकॉर्डी बाबांच्याच असणार, मला तरी शंका वाटत नाही. तुम्ही त्या काळातली रेकॉर्डिंगची खोली डोळ्यापुढे आणा ना. एका बाजूला सारंगी, सतार, पेटी, ढोलक आणि दुसऱ्या बाजूला ट्रंपेट, सॅक्सोफोन, व्हायोलिनवाले, त्यातले कितीतरी गोव्याचे, नोटेशन वाचणारे, दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेलात जॅझ. चिक चॉकलेट त्यातलाच, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आणि तो काम कोणाबरोबर करायचा, तर आपल्या संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर! अण्णा पुणतांब्याचे, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले, म्हणजे बैठक एकदम पक्की, आणि ह्याच माणसाने १९५१ च्या 'अलबेला'त 'शोला जो भडके' केलं. त्या सिनेमात चिक आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो, बघा पुन्हा एकदा. तिकडे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलालजी व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे, हो तेच, १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तलं नाव त्यांच्यावरूनच आलंय. तर अशा खोलीत तुमचे बाबा दिवसचे दिवस बसले. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस काय वाजवतो ते कानावर पडतंच, एखादा तुकडा आवडतो, मग लॅमिंग्टन रोडवरून घरी जाताना त्याची रेकॉर्ड घेतली असेल. ह्यात चोरटं काही नाही.

आणि ओरडायचे म्हणता, तर ओरडू दे की! मी स्वतः वीस वर्षं साथीला पेटी वाजवली, दिवसभर दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून घरी आलं की पंखा सुद्धा मोठ्याने वाजतोय असं वाटायचं, बायकोने रेडिओ लावला की मी पण खेकसायचो. त्याचा आवडीनिवडीशी काही संबंध नाही, तो थकवा असतो. तुम्ही शाळेत आणि आई बाजारात असताना बाबा चावी देऊन काय लावत होते ते तुम्हाला कुठे माहितीये.

आता कामाचं. ती बीटल्सची रेकॉर्ड बघा, जाड, जड आणि टिचकी मारल्यावर बशीसारखी वाजणारी असेल आणि लेबलवर ७८ (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे) लिहिलेलं असेल तर जपून गुंडाळा. इंग्लंड-अमेरिकेत ७८ च्या तबकड्या कधीच बंद झाल्या होत्या, पण आपल्याकडे गावोगाव चावीचे ग्रामोफोन चालू होते म्हणून साठच्या दशकातही बीटल्सची गाणी ७८ वर काढली जात होती, आणि जगभरचे संग्राहक आज त्या शोधत असतात. 'यंग इंडिया' लेबलच्या काही असतील तर त्याही वेगळ्या काढा, ती मुंबईचीच कंपनी होती.

धुताना एकच लक्षात ठेवा, ७८ च्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावायचं नाही. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्येच तर घालतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, लेबल कोरडं ठेवायचं, लगेच पुसून उभी वाळवायची. ठेवायची पण उभीच, एकावर एक थप्पी लावली की खालच्या तडकतात. एलपीच्या (नंतरच्या प्लास्टिकच्या तबकडीच्या) पिनेवर ७८ वाजवू नका, ७८ ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, त्यामुळे पीन तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते, ७८ साठी वेगळी पीन मिळते. आणि पावसाळ्याआधी जुनी कागदी कव्हरं बदला, आपल्या हवेत बुरशी आधी कागदाला धरते.

विकायचं का द्यायचं ते नंतर ठरवा. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तिथल्या मंडळींना यादी दाखवा. यादी मात्र स्वतः करा, प्रत्येक लेबलवरचा नंबर लिहून, आणि कुठल्या रेकॉर्डीच्या शेजारी कुठली होती तेही लिहा. बाबांनी बालगंधर्वांच्या मांडीला मांडी लावून चिक चॉकलेटला बसवलं होतं हे फक्त त्या ट्रंकेलाच माहीत आहे, एकदा ढीग केलात की गेलं ते.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची, सात वर्षं ख्याल शिकतेय. परवा तिचा फोन बघितला तर कोरियन मुलांचे बँड, अरबी गाणी, कुठलंतरी हेवी मेटल. बाईंना सांगायची हिंमत होत नाही. गळा बिघडेल का? घराण्याचं काय?
— काळजीत असलेली आई, पार्ले

उत्तर : ताई, गळा बिघडतो तो ओरडून आणि जागरणाने. कानात काय घातलं ह्याने नाही. (आवाज मात्र कमी ठेवायला सांगा, कान एकदा गेले की परत येत नाहीत, हे मी गंमतीत सांगत नाहीये.)

घराण्याचं म्हणाल तर किराणा घराण्याचंच बघू. अब्दुल करीम खाँसाहेब मैसूरला जायचे, तिथलं कर्नाटक संगीत त्यांनी नुसतं ऐकून सोडून नाही दिलं, त्यागराजांची कृती (तिकडची गायची रचना) स्वतः रेकॉर्ड केली, आणि त्यांच्या सरगमेत ते दक्षिणेचं वारं लोकांना आजही जाणवतं. मग ह्याच खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी गदगच्या बाजूला एका दुकानात वाजत होती आणि ती ऐकून अकरा वर्षांचा एक मुलगा १९३३ साली गुरू शोधायला घरातून पळाला. पंडित भीमसेन जोशी. म्हणजे आज ज्याला आपण शुद्ध परंपरा म्हणून हात जोडतो ती रस्त्यावर वाजणाऱ्या तबकडीतून पुढे गेलीये. आणि भीमसेनजींच्या गाण्यावर केसरबाई, बेगम अख्तर, अमीर खाँ ह्यांचाही असर होता, तिघंही किराण्याच्या बाहेरचे.

कुमार गंधर्व तर लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवायचे, लोक तिकीट काढून ऐकायचे. पुढे ते मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे आले, ऑपेरा हाऊसजवळ त्यांची शाळा होती, आणि देवधर मास्तर म्हणजे ज्याच्याकडे जे चांगलं मिळेल ते घेणारे, कुठल्याही घराण्याच्या उस्तादाला दार उघडं, पाश्चात्त्य संगीतही शिकलेले. अशा माणसाच्या हाताखाली तयार झाल्यावर कुमारजींनी माळव्यातली लोकगीतं गोळा केली आणि बालगंधर्वांवर अख्खा कार्यक्रम केला तर नवल काय!

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी बोलतोय. किशोरीताई आमोणकरांनी १९६४ ला सिनेमाचं गाणं गायलं तेव्हा त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाईंना ते पसंत नव्हतं, आणि मला माईंचंही म्हणणं समजतं. ऐकणं वेगळं आणि गाणं वेगळं. मुलीने यमन गाताना मधेच कोरियन नखरा घुसवला तर बाईंनी छडी घ्यावी, माझी हरकत नाही. पण लोकलमध्ये उभं राहून ती काय ऐकते ह्यावर कोणी पहारा ठेवायचा? आणि खरं सांगू का, माझ्या अनुभवात कानाचं सोवळं पाळणारे बहुतेक लोक समोरच्या रांगेत बसलेले असतात, स्टेजवरचे नाही. बाईंना एकदा विचाराच त्या काय ऐकतात. मला वाटतं मेहदी हसनच्या पुढे बरंच काही निघेल.

प्रश्न : परदेशी म्युझिशियन्सपैकी सगळ्यात विचित्र आवड कोणाची?
— इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : विचित्र म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण चार सांगतो. चार्ली पार्कर, बीबॉप नावाच्या वेगवान जॅझचा बाप, तो म्हणे हॉटेलातल्या ज्यूकबॉक्सवर कंट्री गाणी लावायचा आणि जॅझवाल्या दोस्तांनी तोंड वाकडं केलं की गाण्यातली गोष्ट ऐका म्हणायचा. जॅझचा ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस जर्मन प्रयोगशील संगीतकार स्टॉकहाउझनला ऐकायचा, त्याची छाया माइल्सच्या १९७२ च्या 'ऑन द कॉर्नर' अल्बमवर पडलीये. जॅझ सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनने रविशंकर इतके मनावर घेतले की मुलाचं नावच रवी ठेवलं. आणि निर्वाणा ह्या रॉक बँडच्या कर्ट कोबेनच्या डायरीत त्याच्या आवडत्या पन्नास अल्बमची यादी आहे, त्यात रॅपवाले पब्लिक एनिमी, जुना लोकगायक लेडबेली आणि द शॅग्ज एकत्र. द शॅग्ज म्हणजे तीन बहिणी, त्यांचा सूर आणि ताल एकमेकांना भेटतच नाहीत, एकदा ऐक, मग मला शिव्या दे.

पाचवा आपल्या जवळचा, क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकला, पहिला बँड तिथेच, हे सगळ्यांना माहीत असतं. पण रॉकचा एवढा मोठा माणूस सोल गायिका अरेथा फ्रँकलिनचा भक्त होता आणि ऑपेरावाल्या मोंत्सेरात काबायेच्या आवाजावर इतका फिदा की तिच्याबरोबर १९८८ ला अख्खा अल्बमच केला.

प्रश्न : मुंबईत जुन्या रेकॉर्डी कुठे घ्यायच्या?
— नवीनच टर्नटेबल घेतलेला, ठाणे

उत्तर : काळा घोड्याचं रेकॉर्डींचं दुकान ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झालं, तिथे बूथमध्ये उभं राहून आधी ऐकायला मिळायचं, ती मजा आता विसरा. चोरबाजारात मटन स्ट्रीटला जा, फोर्टात फुटपाथवर बघा. भाव करायला लाजू नका आणि कव्हरच्या प्रेमात पडू नका, आतली तबकडी बाहेर काढून उजेडात तिरकी धरून बघा. मी एकदा कुठल्याशा दुकानातून अमीर खाँचा राग मारवा म्हणून नाचत घरी आणला, आत निघाला इंग्रजी शिकवायचा कोर्स, भाग दुसरा. परत करायला गेलो तर मालक म्हणे कव्हर तर तुम्ही मारव्याचंच नेलंत ना. तो भाग दुसरा मी अजून ठेवलाय, बाईचा आवाज छान आहे.

प्रश्न : मी लालबागला बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो, गणपतीत दहा दिवस हात तुटतात. पण एरवी फोनवर माझं काहीच ठिकाणावर नसतं, गझल, भारूड, मेटालिका, इलयराजा, सगळं शफल. पोरं हसतात, म्हणतात तुला टेस्टच नाही. खरंच नाही का?
— बेंजोवाला, लालबाग

उत्तर : मित्रा, त्या पोरांना आधी हे सांग की तुझा बेंजो मुळात जपानी आहे. १९१२ साली नागोयात टाइपरायटरच्या बटणांवरून कल्पना घेऊन ताईशोगोतो नावाचं वाद्य केलं, ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, मग त्याला पिकअप लावून, अँप्लिफायरला जोडून लालबाग-परळच्या मिरवणुकीत आणलं. तुझ्या हातातलं वाद्यच एवढं फिरून आलंय, तर तुझ्या फोनने का घरात बसावं?

आणि शफलवर हसतात तर त्यांना १९७७ चं व्हॉयेजर यान माहितीये का विचार. त्याच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, त्यात बाख आहे, चक बेरीचा रॉक अँड रोल आहे, जावा बेटाचं गामेलान (घंटा-झांजांचा वाद्यवृंद) आहे, आंधळ्या विली जॉन्सनचं गुणगुणणं आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. सगळे मिळून २७ तुकडे, तुझ्या फोनसारखेच अस्ताव्यस्त. दोन्ही यानं सुटली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला केसरबाई गेल्या.

टेस्ट आहे का नाही ते मी फोनवरून सांगू शकत नाही, त्यासाठी तुला वाजवताना ऐकावं लागेल. ह्या वर्षी आगमनाला कुठल्या मंडळाची सुपारी आहे ते कळव, मी चिंचपोकळीच्या पुलावर उभा असतो. फक्त एक कर, इलयराजाचं काहीतरी वाजव, नेहमीचीच गाणी वाजवलीस तर मी पण त्या पोरांच्या बाजूने.