फोर्क अडतीस हजारांचा, पण खर्च तेवढाच नाही

दापोलीजवळ होमस्टे चालवणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: ‘दोन वर्षांपूर्वी ४५,००० रुपयांना हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) घेतली. तिचा १०० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा एअर फोर्क (पुढच्या चाकाचा हवेवर चालणारा शॉक) सड्यावर आणि पाखाड्यांवर सारखा तळाला आपटतो. १४० मिमीचा ३८,००० ला मिळतोय. एफडी मोडू की १२ हप्त्यांत घेऊ?’

पैसे कुठून आणायचे ते नंतर बघू. तो फोर्क तुमच्या फ्रेमला चालतो का, हे आधी. ट्रॅव्हलच्या आकड्यावर जाऊ नका, फोर्कची उंची मोजा: चाकाच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून क्राउनवर (फोर्कचे दोन पाय वर जुळतात तिथे) हेडसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्याचा, खालचा बेअरिंग टेकतो तिथपर्यंत. १०० वरून १४० वर गेलात की ही उंची साधारण ४० मिमीने वाढते. म्हणजे हँडलचा कोन जवळपास दोन अंशांनी पडतो, पेडलचा भाग वर उचलला जातो आणि चढावर पुढचं चाक भरकटतं. शिवाय लांब फोर्क म्हणजे लांब पहार. प्रत्येक धक्का हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) जोडावर जास्त जोराने बसतो.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या जुन्या फ्रेमला हौसेने लांब फोर्क लावला. हेड ट्यूबखालच्या वेल्डला केसाएवढी रेघ दिसायची. मी खाऱ्या हवेचा डाग समजून फडक्याने पुसत राहिलो. ती चीर होती. कंपनीने वॉरंटी नाकारली, आणि त्यांचं बरोबरच होतं.

तुमच्या सायकलच्या कागदांत जास्तीत जास्त किती फोर्क चालतो ते बघा. १२० पर्यंत मुभा असेल तर १२० चाच विचार करा. त्यातही नवा फोर्क १५ मिमी बूस्ट (म्हणजे जास्त रुंद) अ‍ॅक्सलचा निघाला तर सध्याचं पुढचं चाक बसेलच असं नाही, आणि स्टिअरर (फोर्कचा वर फ्रेममध्ये जाणारा दांडा) टेपर्ड, म्हणजे खाली जाड असेल तर हेड ट्यूबही तशी हवी. नाहीतर अडतीसाचे पन्नास कधी झाले ते कळणारही नाही.

आता पैसे. आत्ता मे आहे. हप्ते सुरू होतील जूनमध्ये, तेव्हा तुमच्या खोल्या रिकाम्या. आगोटीची बेगमी करायच्या दिवसांत नवा हप्ता कोण लावून घेतं? ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी सुटत नाही. कार्डाचं बिल एकदा चुकलं की महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्क्यांपर्यंत व्याज. आणि ती एफडी म्हणजे तुमचा पावसाळ्यातला घरखर्च, तिला हात लावू नका.

आधी आहे त्या फोर्कची सर्व्हिस करा: सील, तेल, हवा. सायकलवर बसल्यावर तो २० ते २५ मिमी दबायला हवा. त्याहून जास्त दबत असेल तर आपटण्याचं कारण हवा कमी असणं हेच, आणि त्याला शॉक पंप (फोर्कमध्ये हवा भरायचा छोटा पंप) पुरतो. तरीही आपटलाच, तर दिवाळीच्या गर्दीनंतर हातात काय उरलं ते कळवा.